रुंद टायरची चपळ सायकल



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या युनियनच्या कचेरीत एक पोरगा आला. कंत्राटी कामगार, वय बावीस-तेवीस. "काका, सायकल घ्यायची आहे. कोणती घेऊ?" बडतर्फीचे, थकलेल्या पगाराचे गाऱ्हाणे घेऊन माझ्याकडे रोज माणसे येतात, हा प्रश्न घेऊन आलेला तो पहिलाच. घरापासून कारखाना 9 किलोमीटर. दुसरी पाळी सुटते तेव्हा शेवटची बस गेलेली असते, आणि रिक्षाला पैसे द्यायचे तर अर्ध्या दिवसाची कमाई रस्त्यातच संपायची.

दुकानात तो तीन सायकली पाहून आला होता. पहिली काळी, आपल्या सर्वांच्या वडिलांची. भक्कम, मडगार्डाची, पण जड. दुसरी शर्यतीची, करंगळीएवढा टायर, मडगार्ड लावायला जागाच नाही. तिसरी आजकालच्या पोरांना आवडते ती. ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे जाड टायर, पुढे स्प्रिंगा, आणि मडगार्डाच्या नावाने शून्य. त्याचे मन तिसरीवर बसले होते. मी म्हटले, तिन्हींत एकेक गुण आहे, आणि तो एकत्र का येत नाही हे समजायला थोडा इतिहास लागतो. त्या बिचाऱ्याला पाळीला जायचे होते. तुम्ही मात्र तासभर बसण्याच्या तयारीने आला आहात.

हवेचा टायर प्रथम सुचला तो रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाला, 1845 साली, घोडागाडीसाठी. लोक ते विसरले. 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. पुढच्याच वर्षी त्याच गावातल्या शर्यतीत विली ह्यूम असले फुगीर टायर घेऊन उतरला, तेव्हा प्रेक्षक हसले. तो जिंकला तेव्हा हसणे थांबले. म्हणजे जाड, मऊ टायर जगात आला तोच मुळी वेगवान म्हणून आला, ही गोष्ट ध्यानात ठेवा. (या टायरांचे रबर कोठून येई, हेही विसरू नये. बेल्जमच्या लिओपोल्ड राजाची कांगोवर 1885 ते 1908 अशी खाजगी मालकी होती. ठरलेले रबर न आणणाऱ्यांचे तिथे हात तोडले जात. युरोपची सहल ज्या चाकांवर झाली त्यांचा हा हिशेब आहे.)

मग बारीक टायर म्हणजे वेग, हे कोणी ठरवले? शर्यतवाल्यांनी, आणि त्यांच्या मागोमाग विक्रेत्यांनी. त्यांच्याशी ज्याने जन्मभर वाद घातला त्याची गोष्ट सांगतो. फ्रान्समध्ये सेंत-एत्येन नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने, रेशमी फिती आणि सायकली यांवर जगलेले. अस्सल कामगारांचे गाव. तिथे पॉल द विव्ही (जन्म 1853) हा रेशमाचा व्यापारी होता. धंदा सोडून त्याने सायकलचे दुकान काढले आणि 1887 पासून एक मासिक चालवले. लिहिताना नाव घेई 'व्हेलोसिओ'. गृहस्थ पक्का शाकाहारी. गावाबाहेरच्या घाटात तो सायकली चढवून पाही आणि काय आढळले ते छापी. गिअर हवेत, टायर रुंद हवेत, हे त्याने असे घाम गाळून ठरवले. उलट बाजूला आंरी देग्रांज, टूर द फ्रान्स शर्यतीचा कर्ताधर्ता. गिअर बदलण्याचे यंत्र हा त्याच्या लेखी दुबळेपणा. त्या शर्यतीत ते 1937 पर्यंत चालू दिले नाही. व्हेलोसिओ त्याआधीच, 1930 मध्ये, आपल्याच गावात ट्रामखाली सापडून गेला होता.

त्याचे म्हणणे मात्र मागे राहिले. 1934 पासून फ्रान्समध्ये सायकलींच्या परीक्षा होऊ लागल्या. या शर्यती नव्हेत, यंत्राच्या परीक्षा. मडगार्ड, दिवा, सामानाची जागा यांसह सायकल आणायची, डोंगराच्या खराब रस्त्यावरून पळवायची. काही मोडले, सुटले तर गुण कमी. छोट्या कारखान्यांतले कसबी कारागीर आपली कामे घेऊन येत. रुंद टायर, ॲल्युमिनियमचे मडगार्ड, दिवा, सगळे धरून 10 किलोच्या आसपासच्या सायकली त्यांनी करून दाखवल्या. सोयीची सायकल जडच असायची, हा समज नव्वद वर्षांपूर्वीच खोटा ठरला होता.

आणि ही केवळ हौशी मंडळींची चैन नव्हती. पॅरिसमध्ये छापखान्यातून वर्तमानपत्रांचे गठ्ठे विक्रेत्यांपर्यंत पोचवणारे कामगार असत. पुढच्या चाकावर मोठा कॅरियर, चांगला रुंद टायर, दोन्ही चाकांना मडगार्ड. दगडी फरसबंदीवरून ते अशा वेगाने जात की गठ्ठे लादून त्यांच्या शर्यतीही भरत. ज्याची मजुरी वेळेवर अवलंबून आहे तो मंद सायकल कशाला ठेवील?

1936 च्या मे-जूनमध्ये फ्रान्सच्या कामगारांनी कारखाने व्यापून बसण्याचा संप केला. ब्लूम सरकारने आठवड्याचे 40 तास आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार आयुष्यात प्रथमच समुद्र पाहायला निघाले. कोणी रेल्वेने, कोणी सायकलवर, कोणी दोघांच्या जोडसायकलवर बायकोला घेऊन. त्या वेळची छायाचित्रे मी पाहिली आहेत. रजेच्या मागणीसाठी आम्ही भाषणे पुष्कळ केली, पण रजा मिळाल्यावर माणूस कसा दिसतो ते मला त्या जोडसायकलींवरून कळले.

आता आपल्याकडे या. आपली काळी सायकल इंग्रजी घाटाची. स्वातंत्र्यानंतर आसनसोल, मद्रास, सोनिपत, लुधियाना अशा ठिकाणी कारखाने निघाले आणि तोच घाट लाखोंनी निघत राहिला. टायर 28 बाय दीड इंच. गंमत अशी की हा दीड इंच म्हणजे त्या फ्रेंच सायकलींच्या टायराइतकाच. मडगार्डही होते. म्हणजे दोन गोष्टी आपल्याजवळ पहिल्यापासून होत्या. नव्हती ती चपळाई. वजन 20 किलोच्या घरात, टायर लाकडासारखा ताठ. दुधाचे कॅन, गॅसची टाकी, डबलसीट कुटुंब वाहायला ही ताकद हवीच होती, हे मान्य. पण रोज नुसता डबा घेऊन जाणाऱ्या माणसालाही पिढ्यान् पिढ्या तेच ओझे ढकलायला लावले. माझे वडील गिरणीत होते. भोंगा झाल्यावर तीन मिनिटे उशीर म्हणजे अर्धा रोज कापला. तो चढ ते कसे हापसत जात ते मी दांडीवर बसून पाहिले आहे.

टायरचे गणित सोपे आहे. खडबडीत रस्त्यावर ताठ, बारीक टायर तुम्हांला प्रत्येक खड्ड्यागणिक वर उडवतो. तो धक्का तुमच्या अंगात जिरतो, आणि त्याचे मोल तुमच्याच पायांनी मोजलेले असते. रुंद, मऊ टायर खडा पोटात घेऊन पुढे जातो. अलीकडे शर्यतवाल्यांनाही हे पटले आहे. पूर्वी 23 मिलिमीटरचे टायर वापरणारे आज 28 आणि त्याहून रुंद घालतात. मात्र रुंदी असून उपयोग नाही, टायरची कूस मऊ हवी. दुकानात अंगठ्याने दाबून पाहावे. नक्षी जितकी खोल तितका डांबरावर घरघराट आणि मेहनत. हवाही बेताची, दीड इंची टायरला 40-45 पौंड पुष्कळ. सायकलवाला दगडासारखी भरून देतो, त्याला अडवावे.

मडगार्डाबद्दल एवढेच, की पुढचे खाली लांब यावे आणि टोकाला रबराची झालर असावी. नाहीतर चिखल थेट चेनवर आणि बुटांवर. टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटे जागा हवी. काळ्या मातीच्या रस्त्याने येणाऱ्याला हे सांगायला नको. चाक जाम झालेली सायकल खांद्यावर घेऊन त्याने कधीतरी वाट तुडवलेलीच असते.

त्या पोराने अखेर चौथीच सायकल घेतली. स्प्रिंगा नसलेली, साध्या सरळ फोर्कची, दीड इंची गुळगुळीत टायरांची. मडगार्ड वेगळे विकत घेऊन बसवले. वजन 14 किलो. पहिल्या आठवड्यात सांगायला आला, "काका, घरी पोचायला पस्तीस मिनिटं लागतात, आणि पोचल्यावर जेवायला उठवतं."

आता त्याचे दुसरेच गाऱ्हाणे आहे. कारखान्यात मोटारींच्या जागेवर छत आहे, सायकल स्टँड उघडा. पाळी संपते तेव्हा सीट भिजून चिंब. यंदाच्या मागणीपत्रात आम्ही स्टँडवर पत्रा घालावा असे कलम टाकले. वाटाघाटीच्या टेबलावर ते वाचताच समोरची मंडळी हसली. आम्ही ते कलम काढलेले नाही.