इंग्रजी नवभाषा-साहाय्य, शालेय (अंजनवेल)

मराठी किंवा उर्दू घरभाषा असलेल्या मुलांना इंग्रजी शिकताना शाळेतून मिळणारा आधार. वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या पायथ्याशी वसलेले अंजनवेल (ता. गुहागर, जि. रत्नागिरी) राज्याच्या सर्वसाधारण योजनेतच मोडते. येथील अडचण कोकणातल्या बहुतेक गावांचीच: इंग्रजीची पाटी दिसते, बोलणारा क्वचित भेटतो. शेजारच्या वीजप्रकल्पामुळे ती भाषा नोकरीशी जोडली गेली, घराशी नाही.

महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून असे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, 2000 साली, ते पहिलीपासून आले. वादही बराच झाला. निर्णय झटपट झाला. शिक्षकांची तयारी मात्र मागून आली, आणि आजही खरी उणीव तीच आहे. बालभारतीची सुरुवातीची पुस्तके गाणी, चित्रे व सूचनांवर भर देतात. म्हणजे आधी ऐकणे-बोलणे, मग लिहिणे. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेचे रेडिओपाठ शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही एकाच वेळी शिकवत. ब्रिटिश कौन्सिल व टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने काही जिल्ह्यांत राबवलेल्या ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षक गटागटाने जमून अध्यापनाचा सराव करीत.

सेमी-इंग्रजीत गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. याला साहाय्य म्हणणे धाडसाचे: शिक्षक बहुधा मराठीत समजावतो, उत्तर तेवढे इंग्रजीत. अलीकडच्या द्विभाषिक पुस्तकांत दोन्ही भाषा शेजारी छापतात. उर्दू माध्यमाच्या मुलांवर मराठीचाही भार असतो.