पंच, पोथी आणि वीस तोंडांचा फासा

आपण जगाला दोन मोठ्या गोष्टी दिल्या असं शाळेत शिकवतात: शून्य आणि बुद्धिबळ. पैकी शून्य जगाला दिलं असलं तरी त्याची मूळ प्रत मी माझ्या बँकेच्या पासबुकात जपून ठेवलेली आहे. बुद्धिबळाचं मात्र पुढे काय झालं याची आपण कधी विचारपूस केली नाही. मुलगी परमुलखात दिली तरी माणूस दिवाळीला चौकशी करतो. आपण चौदाशे वर्षांत एक पत्र टाकलं नाही.

सहाव्या शतकाच्या सुमारास इथून निघालेलं चतुरंग इराणात गेलं, अरबांच्या घरी राहिलं आणि युरोपात जाऊन नांदायला लागलं. तिथल्या लोकांनी आपल्या वजिराला चक्क लुगडं नेसवून राणी केलं. तेवढ्यावर थांबते तर ठीक होतं. पण १७८० साली जर्मनीत ब्रन्सविक इथल्या हेलविग नावाच्या गणिताच्या मास्तरांना हा खेळ फारच सोपा वाटला. (गणिताच्या मास्तरांना काहीही सोपं वाटतं, हा अनुभव आपल्याकडचाही आहे.) त्यांनी चौसष्ट घरांच्या जागी सोळाशे सतरा घरं आखली, त्यात नद्या, डोंगर, गावं घातली आणि हत्ती-घोड्यांऐवजी तोफा आणि पलटणी उभ्या केल्या. सोळाशे सतरा घरं म्हणजे आमच्या नेरूळचं एक सेक्टरच की हो!

पुढे प्रशियात रायस्विट्झ नावाचे बापलेक झाले. बापानं १८१२ मध्ये राजाला एक युद्धाचा खेळ करून दाखवला आणि लेकानं, तो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचं शास्त्र करून टाकलं. चौकटी गेल्या, खराखुरा नकाशा आला. फासे आले. किती सैनिकांनी किती अंतरावरून गोळ्या झाडल्या तर किती मेले, याचे तक्ते आले. एक डाव म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन बाजूंच्या मधे एक तिसरा माणूस येऊन बसला. पंच. खेळाडूंनी आपापले हुकूम कागदावर लिहून याच्या हातात द्यायचे. यानं फासा टाकायचा, तक्ता बघायचा आणि काय झालं ते सांगायचं. तेही टेकडीमागचा शत्रू तुम्हाला दिसत असेल तरच. सेनेचे प्रमुख फॉन म्युफलिंग सुरुवातीला जांभया देत बघत होते म्हणतात. शेवटी इतके रंगले, की हा खेळ नसून ही युद्धाची शाळा आहे असं त्यांनी जाहीर केलं आणि पलटणींना संच घ्यायला लावले.

बुद्धिबळाला पंच लागत नाही, कारण पटावर सगळं उघडं असतं. इथे मात्र सगळं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात आणि उरलेल्यांनी त्याच्या शब्दावर विसंबायचं. माझ्या मते भानगड इथूनच सुरू झाली. कारण लगेच प्रश्न आला: हा पंच बोलणार तो पोथीत बघून, की स्वतःच्या डोक्यानं?

पन्नासेक वर्षं पोथी चालली. मग अधिकारी कंटाळले. दोन मिनिटांच्या लढाईसाठी तक्ते चाळत बसायचं म्हणजे खरी लढाई परवडली. १८७६ साली फेर्डी द्यु वेर्न्वा नावाच्या सेनाधिकाऱ्यानं (माणूस जर्मन, नाव फ्रेंच) फासे आणि तक्ते सरळ गुंडाळून ठेवायला सांगितले. पंचाला युद्ध कळतं ना? मग तो सांगेल तो निकाल. झालं! एक कडक पंथ, एक मोकळा पंथ. फेर्डीसाहेबांना हे शोभून दिसलं, कारण ते १८७०च्या फ्रान्सवरच्या स्वारीत मोल्टकेच्या हाताखाली खरंखुरं युद्ध चालवून आले होते. त्यांनी ‘तुमची पलटण संपली’ म्हटल्यावर कुठला लेफ्टनंट ‘कशावरून?’ म्हणून विचारणार?

हे दोन्ही पंथ बघायला तुम्हाला प्रशियात जायची गरज नाही. कुठल्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला जाऊन बसा. आमच्या सोसायटीचे एक अध्यक्ष उपविधींचं पुस्तक उशाशी घेऊन झोपायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या गळतीचा प्रश्न त्यांनी पोटनियमांच्या आधारे इतका न्याय्य रीतीनं चालवला, की तोपर्यंत पाणी पहिल्या मजल्यावर पोचलं. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष म्हणायचे, ‘पुस्तक ठेवा हो बाजूला, माणुसकीनं बघू.’ माणुसकीनं बघितल्यावर पार्किंगची सावलीतली जागा त्यांच्या साडूला मिळाली. तेव्हापासून सभासदांचे दोन तट आहेत आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे, ही खरी अडचण.

आता, नेरूळच्या एका निवृत्त माणसाला प्रशियाच्या पलटणींशी काय करायचं आहे, असं तुम्ही विचाराल. त्याला कारण आमचा पुतण्या. गेली दोन वर्षं दर शनिवारी दुपारी तो आणि त्याचं टोळकं आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ खेळतं. मधे चौकटींचा कागद, चार तोंडांपासून वीस तोंडांपर्यंतचे रंगीत फासे, आणि पुतण्यापुढे पुठ्ठ्याचा एक आडोसा. त्या आडोशामागे तो काय करतो ते कुणी बघायचं नाही. त्याला सगळे ‘डीएम’ म्हणतात. उत्तरेत जिल्हाधिकाऱ्याला म्हणतात, म्हणून मी प्रथम जरा सावरून बसलो होतो. पण हे डंजन मास्टर. डंजन म्हणजे तळघर. सिडकोच्या इमारतीत तळघर नसल्यामुळे ते मनानं बांधावं लागतं.

खेळ असा: प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधारानं प्रसंग सांगायचा, पोरांनी ‘मी अमुक करतो’ म्हणायचं, आणि जमलं की नाही याची शंका असेल तिथे फासा टाकायचा. पहिल्याच शनिवारी एक पोरगा ओरडला, ‘मी दार लाथेनं तोडतो!’ तशी आमची ही स्वयंपाकघरातून कालथ्यासकट धावत आली.

या खेळात कुणी जिंकत नाही. ही गोष्ट समोरच्या ब्लॉकमधल्या आजोबांना मी सहा वेळा समजावून सांगितली आहे. ते अजूनही जिन्यात पोरांना अडवून ‘आज पहिला कोण आला?’ म्हणून विचारतात.

तर प्रशियापासून आमच्या टेबलापर्यंतचा रस्ता अमेरिकेतून जातो. तिथे टॉटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८८० मध्ये युद्धखेळाचं एक पुस्तक लिहिलं होतं. ते जुनं पुस्तक मिनेसोटातल्या डेव्हिड वेझली नावाच्या तरुणाच्या हाती लागलं आणि पंचाची कल्पना त्याला भलतीच आवडली. १९६९ साली त्यानं ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर चाल करून येणाऱ्या दोन फौजांचा डाव मांडला. खेळायला मित्र जास्त आले, म्हणून उरलेल्यांना त्यानं गावातली कामं दिली. एकाला नगराध्यक्ष केलं, एकाला सावकार, एकाला विद्यापीठाचा कुलगुरू. घोटाळा तिथे झाला. लोक टेबल सोडून कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुजायला लागले, कट रचायला लागले, दोघांनी तर द्वंद्वाचं आव्हान दिलं. फौजा राहिल्या बाजूलाच! आपला डाव साफ फसला असं समजून वेझली हिरमुसून बसला, आणि मित्र विचारायला लागले, ‘पुन्हा कधी?’ माणसाला सेनापती व्हायला आवडतं हे रायस्विट्झला कळलं होतं. माणसाला दुसराच कुणीतरी व्हायला त्याहून जास्त आवडतं, हे त्या दिवशी चुकून कळलं.

त्याच मित्रांपैकी डेव्ह आर्नेसननं एका किल्ल्याखाली राक्षसांनी भरलेली तळघरं रचली. त्याला विस्कॉन्सिनमधले गॅरी गायगॅक्स भेटले. विमा कंपनीतली नोकरी गेल्यानंतर हे गृहस्थ तळघरात बसून बूट दुरुस्त करीत असत, त्यामुळे तळघराचा त्यांना अनुभव होताच. जानेवारी १९७४ मध्ये दोघांच्या नावानं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला: एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, प्रती एक हजार. त्या पुस्तिका इतक्या मोघम होत्या, की गावोगाव लोकांनी आपापल्या मनानं फटी बुजवल्या. मग गायगॅक्सनी जाडजूड ग्रंथ लिहिले. १९७९ पर्यंत तीन झाले. म्हणजे पुन्हा पोथी! आणि पोथी आली की शास्त्री आलेच.

१९८० मध्ये ग्लेन ब्लॅको नावाच्या एका खेळाडूनं लेख लिहून खेळणाऱ्यांचे चार प्रकार पाडले. चातुर्वर्ण्य आपण निर्यात केल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण चारच पाडले खरे. लढाईची आखणी करणारे, स्वतःचं पात्र बलदंड करण्याच्या मागे लागलेले, भूमिकेत शिरणारे आणि कथा कुठे जाते ते बघणारे. आमच्या टेबलाशी चारही आहेत. सीवूड्सचा एक मुलगा गुहेत शिरण्यापूर्वी अर्धा तास नकाशा काढतो. तोवर राक्षस म्हातारा होत असावा. दुसऱ्याला प्रत्येक मेलेल्या माणसाचे बूट काढून घ्यायचे असतात. तिसरा आठवीतला, एरवी तोंडातून शब्द न काढणारा, पण त्या टेबलाशी बसला की खर्जातल्या आवाजात राजाशी भांडतो. त्याची आई एकदा न्यायला आली ती दारातच थबकली. तिला वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. आणि चौथी बेलापूरची मुलगी. राक्षस दिसला की ती त्याला विचारते, ‘तुम्ही इथे किती वर्षं राहता?’

माझ्या पत्नीचं माहेर कुडाळकडचं. पोह्यांच्या ताटल्या ठेवता ठेवता तिनं दहा मिनिटं खेळ बघितला आणि निकाल दिला, ‘ह्यो तर आमचो दशावतार! बसान केलेलो, इतक्याच.’

मी शास्त्र सोडून प्रशियात हिंडत होतो आणि उत्तर स्वयंपाकघरात होतं. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान, कुणाचं कुठलं काम, हे रंगायला बसताना ठरतं. पुढचं संभाषण ज्यानं त्यानं रंगमंचावर उभं राहून जुळवायचं. राक्षसानं राजाला भलताच प्रश्न टाकला तर राजाला तिथल्या तिथे उत्तर सुचलं पाहिजे. पायपेटी आणि मृदंग कान देऊन बसलेले असतात. साहित्याच्या पेटाऱ्याची पूजा होते. तोही एक खोकाच!

फरक एवढाच, की दशावतारात कीचक रात्रभर कितीही छान बोलला तरी पहाटे तो मरायचाच. शेवट ठरलेला. पोरांच्या खेळात तो ठरलेला नसतो, निदान नसावा अशी अपेक्षा असते. आमचा पुतण्या मात्र दशावतारी वळणाचा. त्यानं गोष्ट घरून रचून आणलेली असते, आणि पोरं डावीकडे गेली तरी उजवीकडचाच किल्ला डावीकडे येऊन उभा राहतो. खेळणारे याला रुळावरची गाडी म्हणतात. हार्बर लाइनवर वाढलेल्यांना याचं फारसं वाईट वाटत नाही. वाशीनंतर सानपाडाच येणार. बेलापूरची मुलगी सूत्रधार होते तेव्हा उलट. ती नुसता नकाशा पसरते आणि म्हणते, ‘बोला, कुठे जायचं?’ पहिला पाऊण तास कुठे जायचं यावर वाद होतो आणि मग कुणाला तरी क्लासला जायचं असतं.

तर या पावसाळ्यात एका शनिवारी तो प्रसंग आला. आठवीतल्या मुलाचा योद्धा तुटक्या पुलावरून उडी मारत होता. दीड वर्ष जपलेलं पात्र. पुतण्यानं आडोशामागे फासा टाकला, बघितला, क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, ‘वाचलास.’ टाळ्या पडल्या. मीही टाळी दिली.

बेलापूरची मुलगी म्हणाली, ‘फासा दाखव.’

‘डीएमचा फासा बघायचा नसतो.’

‘तुझा चेहरा बघितलाय मी. दाखव.’

पुतण्या चिडला. म्हणाला, ‘अगं, दीड वर्ष खेळतोय तो. एका फाशापायी मारून टाकू? पुस्तकातच लिहिलंय, खेळ रंगावा म्हणून डीएम फासा बाजूला ठेवू शकतो.’ म्हणजे मोकळेपणाचा आधारही पोथीतलाच! ती म्हणाली, ‘ठेव ना, पण आधी सांगून ठेव. टाकायचा आणि खोटं सांगायचं हे काय?’ दोघांचे आवाज चढले. हिनं गॅस बारीक केला. मला पुतण्याचं पटत होतं आणि तिचंही पटत होतं. सोसायटीच्या सभेत होतं तसंच.

या सगळ्यात ज्याचा जीव वाचला होता त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो आपल्या नेहमीच्या, खर्जातल्या नव्हे, आवाजात म्हणाला, ‘दादा, मग मागच्या महिन्यात मी ड्रॅगन मारला... तेव्हा खरंच वीस पडले होते?’

पुतण्या म्हणाला, ‘पडले होते रे. आईशप्पथ.’

पोरगा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला विश्वास ठेवायचा होता हे स्पष्ट दिसत होतं, आणि ठेवता येत नव्हता हेही. फेर्डीसाहेबांच्या लेफ्टनंटांवर असली पाळी बहुधा आली नसावी. त्यांचा सेनापती त्यांच्यावर माया करीत नव्हता.

शेवटी आडोसा खाली आला. टेबलाच्या मधोमध हिनं स्टीलचं ताट आणून ठेवलं. आता फासा त्यात, सगळ्यांच्या देखत पडतो, आणि आवाज असा होतो की खालचे सभासद छताला काठी लावतात. उडी पुन्हा मारायची, असं मुलानं स्वतःच ठरवलं. ‘तसा पडलेलाच आहेस तू,’ पुतण्या पुटपुटला, पण त्यानं फासा त्याच्या हातात दिला. बारा पाहिजे होते. पडले चार.

कुणी बोलेना. त्यानं आपल्या योद्ध्याच्या कागदाची नीट चार घड्यांची घडी केली, खिशात ठेवली, आणि हिला म्हणाला, ‘काकू, एक कोरा कागद मिळेल?’