जेनीचं घर

इथाकाला शिकायला आले तेव्हा कॉर्नेल विद्यापीठाच्या मनोऱ्यातल्या घंटा रोज कानावर यायच्या. त्यातल्या पहिल्या नऊ घंटा १८६८ साली जेनी मॅकग्रॉनं दिल्या, हे पुढे कळलं. तिच्या घराची गोष्ट त्याहून उशिरा कळली.

टेकडीच्या उतारावरचा तिचा दगडी महाल वास्तुरचनाकार विल्यम हेन्री मिलर यांचा. त्यात संसार थाटायच्या आधीच, १८८१मध्ये, जेनी क्षयानं गेली. मृत्युपत्राचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १८९०मध्ये विद्यापीठ हरलं.

१८९६मध्ये महाल 'काय साय' या फ्रॅटर्निटीनं घेतला. फ्रॅटर्निटी म्हणजे एका छपराखाली राहणाऱ्या, एकमेकांना भाऊ मानणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना. जेनीला न लाभलेलं घर पोरांनी गजबजून गेलं.

७ डिसेंबर १९०६च्या पहाटे त्याला आग लागली. चार विद्यार्थी गेले. विझवायला धावलेले गावातले तिघे स्वयंसेवक भिंत कोसळून गेले.

मी राहायचे ते घरही जुनंच, लाकडी जिन्याचं. हे वाचलं त्या रात्री मी पहिल्यांदा बाहेर पडायची दुसरी वाट शोधून ठेवली. सकाळी जेनीच्या घंटा नेहमीसारख्याच वाजल्या.