विषादरोग आणि शरीरतापमानाची लय : एक ऐतिहासिक टिपण

निरोगी शरीराचे तापमानही पहाटे उतरते व सायंकाळी चढते, हे लाइपझिगचे वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी १८६८ च्या ग्रंथात नोंदविले. ही लय सूर्यप्रकाशावाचूनही टिकते, हे जर्मनीतीलच आंडेक्स येथील भूमिगत निवासात आशॉफ व वेव्हर यांनी १९६० च्या दशकात दाखविले. विषादरोग्यांचे हे शारीरिक घड्याळ पुढे सरकलेले असते, असा तर्क १९७९ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस वेर प्रभृतींनी मांडला. तर्क आकर्षक होता. पुरावा मात्र एकमुखी नव्हता. अधिक सातत्याने आढळले ते निराळेच. १९८२ मध्ये डेव्हिड एव्हरी व सहकाऱ्यांना विषादकाळात रात्रीचे तापमान चढे आढळले. प्रकृती सुधारल्यावर ते उतरले. परंतु जागरणानेही तापमान चढेच राहते. तेव्हा बिघाड घड्याळाचा की निद्रेचा, हे केवळ तापमापीवरून ठरविणे शक्य नव्हते.