राखुंडी ते पेरॉक्साइड

शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठी घरात सवाष्ण बाई दात पांढरे करायच्या मागे नसे. ती ते काळे करी. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्यांच्या जोडीला दातवण लावणं हेही सौभाग्याचं लक्षण होतं. या काळ्या पुडीत माजूफळ आणि हिराकस हे मुख्य जिन्नस. माजूफळातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड एकत्र आलं की पक्का काळा रंग धरतो. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांची शाईही अशीच बनत असे. जपानी बायकांनी लोखंडाचं आंबवलेलं पाणी आणि झाडावरच्या गाठींची पूड वापरून हेच रसायन शेकडो वर्षं दातांवर चढवलं. तिथे 1870 मध्ये सरकारने सरदार घराण्यांना दात काळे करायची बंदी केली आणि 1873 मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. आपल्याकडे कुणी फर्मान काढलं नाही. दातवण हळूहळू मागे पडलं, इतकंच.

कवींना मात्र कुंदकळ्यांसारखे दात पूर्वीपासूनच आवडत. वैद्यांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. सुश्रुतसंहितेत दात घासायची काडी बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढी जाड सांगितली आहे. कडू झाडांत कडुलिंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज, गोडांत मोह. सोबत मध, त्रिकटू, तेल, सैंधव यांचं मंजन आणि एक सूचना: हिरडीला इजा होऊ द्यायची नाही. दात किती पांढरे होतील याची हमी त्यात नाही. आजच्या एखाद्या ट्यूबवरचा मजकूर वाचला की त्या वैद्यांचा संयम जाणवतो.

घरोघरी पोचली ती राखुंडी. गोवरीची राख किंवा चुलीतला कोळसा कुटायचा, वस्त्रगाळ करायचा, त्यात मीठ, तुरटी, परवडलं तर कापूर. पैसा लागत नाही, आणि दात त्याच दिवशी उजळ दिसतात. ते खरोखर उजळतात, आणि अडचण तिथेच आहे. दाताचं वरचं कवच, ज्याला दंतवैद्य इनॅमल म्हणतात, ते शरीरातला सर्वात कठीण पदार्थ असलं तरी अर्धपारदर्शक असतं. त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर असतं. राखेतले वाळूसारखे कण पान, चहा, तंबाखूचे वरवरचे डाग खरवडून काढतात आणि सोबत थोडं इनॅमलही नेतात. इनॅमल पुन्हा उगवत नाही. ते जितकं पातळ होईल तितका खालचा पिवळेपणा जास्त दिसतो. म्हणजे वर्षानुवर्षं जोर लावून घासणाऱ्याच्या पदरी शेवटी पिवळे आणि शिवशिवणारे दात येतात. इटकुरी आणि गेरूच्या लाल मंजनांचं गणितही यापेक्षा फारसं वेगळं नाही.

राखुंडीचीच एक वाईट बहीण म्हणजे मिश्री. तव्यावर काळपट होईपर्यंत भाजलेली तंबाखू, बोटावर घेऊन दातांना लावायची. दात स्वच्छ करायला म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार वेळा लागते, कारण ते मंजन नसून व्यसन असतं. तिने दात तपकिरी-काळे होतात आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला सरकारने 1992 मध्ये बंदी घातली. घरच्या तव्यापर्यंत तो कायदा पोचत नाही.

राखुंडीला पुडीत आणि डबीत भरून विकायचं काम विसाव्या शतकात झालं. माकडछाप काळी टूथपावडर, नाशिकची बिटको ही नावं जुन्या पिढीच्या जिभेवर अजून आहेत. 1952 मध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी परळच्या राहत्या घरातून विको सुरू केलं आणि वज्रदंतीची पावडर बाजारात आणली. कोलगेट-पामोलिव्हची भारतातली कंपनी 1937 सालची. पुढे दूरदर्शनवरच्या त्यांच्या एका जाहिरातीत शरीराला दूध-बदाम देणाऱ्या आणि दातांना कोळसा लावणाऱ्या पहिलवानाची चेष्टा होती. त्या चेष्टेनं राखुंडीला जेवढं हटवलं तेवढं कुठल्या डॉक्टरच्या व्याख्यानानं हटवलं नसेल. कोळसा लावणं म्हणजे अडाणीपणा हे एका पिढीच्या मनात पक्कं बसलं. मग त्याच कंपनीने तुमच्या टूथपेस्टमध्ये मीठ आहे का असं विचारलं आणि पुढे कोळशाची टूथपेस्टही विकली. आजीची राखुंडी काळ्या ट्यूबमधून चढ्या किमतीला परत आली, आणि आपण ती आवडीने विकत घेतली. कोळशाने दात पांढरे होतात किंवा ते सुरक्षित आहे हे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकातल्या 2017 च्या आढाव्यात निघाला होता.

इथवरची सगळी परंपरा खरवडण्याची. दुसरी परंपरा आम्लाची, आणि ती अधिक घातक. मध्ययुगीन युरोपात न्हावीच दातांचं काम करत. ते आधी कानशीने दात घासत आणि मग नायट्रिक आम्ल लावत. दात पांढरे होत आणि काही वर्षांत किडत. हे वाचून आपल्याला हसू येतं, पण लिंबू आणि खायचा सोडा चोळायचा उपाय आपण आजही एकमेकांना फोनवर पाठवतो. यात सोडा बिचारा मऊ असतो, त्याचा फारसा दोष नाही. तोंडाचा सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं, आणि लिंबाच्या रसाचा सामू असतो दोनच्या आसपास. आम्लाने मऊ झालेल्या इनॅमलवर लगेच ब्रश फिरवणं म्हणजे दोन्ही परंपरांचं नुकसान एकाच सकाळी करून घेणं.

तिसरी वाट रसायनाची, आणि खरा रंगबदल फक्त तिथेच सापडतो. तिची सुरुवात किळसवाणी आहे. रोमन कवी कातुल्लुसने एग्नातियस नावाच्या सतत दात दाखवत हसणाऱ्या माणसाची टर उडवली ती त्याच्या पांढऱ्या दातांवरून. हा गृहस्थ मूळचा स्पेनकडचा, आणि तिकडे लोक लघवीने दात धूत. 1818 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ तेनार याने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी दंतवैद्यांनी आधी क्लोरीनची भुकटी, ऑक्झॅलिक आम्ल असं काय काय करून पाहिलं आणि 1880 च्या दशकात ते पेरॉक्साइडवर आले. त्याचा रेणू इतका लहान की तो इनॅमलमधून आत शिरतो आणि डेंटिनमधल्या रंगीत रेणूंना तोडतो. इथे काही खरवडलं जात नाही.

पण तेव्हाचं द्रावण तीव्र, वर तापवायचा दिवा, आणि काम दवाखान्यातच. घरचा सोपा उपाय मिळाला तो अपघाताने. 1960 च्या दशकाच्या शेवटी आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथ गावी क्लुसमायर नावाचे दात सरळ करणारे डॉक्टर होते. हिरड्या सुजलेल्या रुग्णांना ते रात्री दातांवर बसवायच्या साच्यात एक जंतुनाशक घालून द्यायचे. हिरड्या बऱ्या झाल्या आणि दातही उजळले. त्या औषधात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड होतं. हेवूड आणि हेमन या दोन दंतवैद्यांनी 1989 मध्ये ही पद्धत रीतसर प्रसिद्ध केली तेव्हा ती जगभर पसरली. कार्बामाइड म्हणजे युरिया. तोंडात ते औषध सुटं होऊन सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. एग्नातियसच्या लघवीतला युरिया असा दोन हजार वर्षांनी प्रतिष्ठित होऊन दंतवैद्याच्या कपाटात आला, हे कातुल्लुसला कळतं तर त्याने आणखी एक कविता लिहिली असती.

या रसायनालाही मर्यादा आहेतच. युरोपीय संघाने 2012 पासून दुकानात मिळणाऱ्या मालात 0.1 टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड चालू दिलेलं नाही. 6 टक्क्यांपर्यंतचं फक्त दंतवैद्याने तपासल्यावर, आणि अठरा वर्षांखालच्यांना तेही नाही. ही सावधगिरी वाजवी आहे. किडलेल्या दातात किंवा उघड्या मुळाशी हे रसायन गेलं तर कळ येते. चांगल्या दातांनाही काही दिवस थंड-गरम झोंबतं, मग ते थांबतं. टोपी बसवलेल्या किंवा पांढरं भरण केलेल्या दाताचा रंग बदलत नाही, त्यामुळे शेजारचे दात उजळले की तोच एक वेगळा दिसू लागतो. दवाखान्यातल्या निळ्या दिव्याने शेवटच्या रंगात फारसा फरक पडत नाही. काही टूथपेस्टमध्ये पेरॉक्साइड नसून ब्लू कोव्हारीन असतं. ते पांढऱ्या धोतराला नीळ द्यावी तसं पिवळेपणा डोळ्याला झाकतं आणि काही तासांत निघून जातं.

डाग कुठला आहे यावर उपाय ठरतो, आणि आपल्याकडे हे फार कमी वेळा विचारलं जातं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी पोटात गेलं की पक्के दात हिरडीतून वर यायच्या आधीच त्यांवर खडूसारखे आणि तपकिरी चट्टे पडलेले असतात. हा डाग दाताच्या आत आहे. ती मुलं आळशी, दात घासत नाहीत असं म्हणून त्यांना राखुंडीने घासायला लावणं हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय आहे. त्यांना आधी पाणी बदलून हवं आणि मग दंतवैद्य.

पान, चहा, तंबाखूचा डाग वरचा असतो. त्याला बहुतेकदा पांढरं करणाऱ्या कशाचीच गरज नसते. दंतवैद्याकडे एकदा दातांवरचा थर काढून घेतला की निम्म्याहून जास्त लोकांचं समाधान तिथेच होईल असं मला वाटतं. तेवढ्याने भागलं नाही तर दात तपासून, मापाचा साचा बनवून घेऊन, सौम्य कार्बामाइड पेरॉक्साइड दोन-चार आठवडे वापरायचं. झटपट पांढरे करून देतो म्हणणाऱ्या ब्यूटी पार्लरमध्ये जाऊ नका, आणि लिंबू वरणावर पिळा.