पोटातल्या दुर्बिणीची कुळकथा

दवाखान्यात जिला ‘दुर्बीण’ म्हणतात, ती दूरचे काहीच दाखवत नाही. घशातून उतरणारी ही लवचिक नळी जठराची आतली बाजू दाखवते. फारसीत ‘दूरबीन’ म्हणजे दूरचे पाहणारी. तोच शब्द मराठी रुग्णांनी या नळीलाही दिला.

जठरातला रक्तस्राव बाहेरून कळतो तो रंगावरून: कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौच. रक्त व्रणातून येते की कर्करोगाच्या गाठीतून, हे मात्र आत पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आणि आत अंधार. 1868 मध्ये फ्रायबुर्गला आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूच्या जठरात सरळ, ताठ नळी उतरवली. नळी गेली, पण दिव्याचा उजेड पुरेसा पोचला नाही. पुढे 1932 मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी टोकाकडे काहीशी वाकणारी, भिंगांची नळी आणली. तरी जठराचे काही कोपरे नजरेआडच राहत.

अडचण सुटली काचेच्या तंतूंनी. 1954 मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबचे नरिंदर सिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडीतून चित्र नेता येते, हे लंडनमध्ये दाखवले. पण एकमेकांना चिकटलेल्या उघड्या तंतूंमधून प्रकाश गळत असे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने प्रत्येक तंतूवर वेगळ्या काचेचे आवरण चढवले आणि गळती थांबवली. या कुळकथेतला सर्वांत मोलाचा टप्पा हाच. तिथल्याच बेसिल हिर्शोविट्झ यांनी 1957 मध्ये अशा तंतूंची नळी आधी स्वतः गिळून पाहिली, मग रुग्णावर वापरली.

पुढे नळीतून चिमटा आणि सुईही जाऊ लागली. पाहणाऱ्या हाताला तुकडा काढता येऊ लागला, रक्तही थांबवता येऊ लागले. स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग क्वचित जठरात पसरतो, तेव्हा या साधनाची कसोटी लागते. अशी गाठ अनेकदा अस्तराखाली वाढते. वरून घेतलेला तुकडा निर्दोष निघू शकतो, म्हणून खोलवरचा नमुना घ्यावा लागतो. रक्तही बहुधा एका धमनीतून उसळत नाही, गाठीच्या नाजूक पृष्ठभागावरून झिरपते. दुर्बिणीतून ते थांबवले तरी पुन्हा सुरू होण्याचा धोका राहतो. अशा वेळी किरणोपचारांनी रक्तस्राव आटोक्यात आणता येतो.