निळ्यापाशी अडलेला उजेड
आजीला तांदूळ निवडताना खडे दिसेनात, म्हणून परवा तिच्या स्वयंपाकघरातला ६० वॅटचा पिवळा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला. ती म्हणाली, "एवढं सोपं होतं, मग इतकी वर्षं काय केलंत?"

रास्त प्रश्न. लाल एलईडी निक होलोनियाकनी १९६२ मध्येच केला होता. घोडं अडलं निळ्यापाशी, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड नाही. गॅलियम नायट्राइडचे धड स्फटिकच वाढेनात. बऱ्याच जणांनी नाद सोडला. आकासाकी, अमानो, नाकामुरा मात्र चिकटून राहिले. नोबेल २०१४ ला मिळालं.

मग आपल्याकडे किंमत अडली. सरकारी घाऊक खरेदीत २०१४ चा ३१० रुपयांचा बल्ब २०१६ ला ३८ वर आला.

आजीला आता खडे दिसतात. पण उजेड "दवाखान्यासारखा" वाटतो म्हणे! रविवारी पिवळसर नेतोय.